दुखते नेमके कुठे? जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० ब्राउझरचे एका रेकॉर्ड विभागातून केलेले परीक्षण

दादर परिसरातल्या हाडांच्या एका छोट्या रुग्णालयात गेली एकोणीस वर्षे मी रेकॉर्ड विभागाचे काम पाहते. रुग्ण घरी गेला की त्याचा केसपेपर माझ्या टेबलावर येतो, आणि डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला, म्हणजे आयसीडी-१० मधला, योग्य कोड देणे ही माझी जबाबदारी असते. हा कोड केवळ आकडेवारीच्या तक्त्यांसाठी लागतो असा समज पुष्कळांचा असतो, पण तो खरा नाही. विमा नियामक प्राधिकरणाने ठरवून दिलेल्या मेडिक्लेम अर्जाचा ‘भाग ब’ रुग्णालयाने भरायचा असतो, आणि त्यात मुख्य निदान, अतिरिक्त निदान व सोबतचे आजार या प्रत्येकासमोर आयसीडी-१० चा रकाना आहे. त्या रकान्यात चुकीचा कोड पडला, तर त्याचा भुर्दंड ज्याचे आधीच काहीतरी दुखते आहे त्या माणसाला पडतो.

या कामासाठी मी रोज जे साधन उघडते ते म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचा आयसीडी-१० ब्राउझर, २०१९ ची आवृत्ती. तो इंटरनेटवर विनामूल्य आहे आणि पाहण्यासाठी कोणतीही नोंदणी करावी लागत नाही. फ्रॅक्चरला कोड देताना फारसा प्रश्न येत नाही, कारण एक्स-रे समोर असतो आणि हाडाचे नाव लिहिलेले असते. कोणत्याही कोडिंग साधनाचा खरा कस लागतो तो ‘दुखते’ एवढेच लिहिलेल्या केसपेपरवर. म्हणून या परीक्षणात मी गुडघा, खांदा, मान, कंबर, टाच अशा एकाच जागी होणाऱ्या दुखण्यांपुरतेच बोलणार आहे.

आयसीडी-१० ला जागतिक आरोग्य सभेने १९९० साली मान्यता दिली आणि १९९४ पासून सदस्य देशांत तिचा वापर सुरू झाला. २०१९ ची आवृत्ती ही या मालिकेतली शेवटची असल्यामुळे आता मजकूर बदलत नाही, आणि रोजच्या कामात हे स्थैर्य मला सोयीचे वाटते. पडद्याच्या डाव्या बाजूला प्रकरणांची उतरंड दिसते, उजव्या बाजूला निवडलेल्या कोडचा मजकूर उघडतो आणि वर शोधाची चौकट असते. स्नायू, हाडे आणि सांधे यांचे आजार तेराव्या प्रकरणात, एम०० ते एम९९ या पट्ट्यात आहेत. मजकूर शांत, स्वच्छ आणि जाहिरातींशिवाय आहे. कोडखाली त्यात काय येते आणि काय येत नाही हे दिलेले असते, आणि जे येत नाही त्याच्यापुढे ते कुठे सापडेल तो कोडही असतो. नवख्या माणसाने या ‘येत नाही’च्या ओळी आधी वाचाव्यात असा माझा आग्रह आहे, कारण दुखण्याच्या बाबतीत निम्मी उत्तरे तिथेच असतात.

आता गुडघ्याचे उदाहरण घेऊ, कारण आमच्याकडे सर्वाधिक केसपेपर गुडघ्याचेच असतात. शोधाच्या चौकटीत गुडघ्याचा इंग्रजी शब्द टाकला की झीज, अस्थिबंधांच्या दुखापती आणि गादीचे आजार समोर येतात. ज्या रुग्णाचा एक्स-रे निर्दोष आहे आणि ज्याच्या केसपेपरवर केवळ ‘गुडघेदुखी’ लिहिले आहे, त्याचा कोड एम२५.५ असतो, आणि त्याचे शीर्षक ‘सांध्यातील वेदना’ असे आहे. या शीर्षकात गुडघ्याचा उल्लेखच नाही. गुडघा सापडतो तो प्रकरणाच्या सुरुवातीला दिलेल्या जागांच्या यादीत. ही यादी शून्य ते नऊ अशा दहा अंकांची आहे, आणि तिच्यातला अंक मूळ कोडच्या शेवटी जोडला की दुखण्याची जागा कळते. हा अंक जोडणे ऐच्छिक आहे, पण तो न जोडलेला एम२५.५ म्हणजे पिनकोड नसलेले पत्र, असे मी विभागात नव्याने येणाऱ्या मुलींना सांगते.

ही यादी पाठ असल्याशिवाय या ब्राउझरवर विसंबून राहू नये, कारण तिची विभागणी आपल्या नेहमीच्या कल्पनेप्रमाणे चालत नाही. गुडघा ‘सहा’ या अंकाखाली येतो, आणि सहाचे शीर्षक आहे गुडघ्याखालचा पाय. पोटरी आणि नडगीच्या हाडांबरोबर त्यांच्या वरचा सांधाही त्याच अंकात धरलेला आहे. कोपराचा सांधा ‘दोन’ म्हणजे दंडात येतो. मनगट तर ‘चार’ म्हणजे हातात येईल असे कोणालाही वाटेल, परंतु ते ‘तीन’ म्हणजे कोपरापुढच्या हातात धरलेले आहे, आणि मनगटापुढची छोटी हाडे व बोटे तेवढी ‘चार’मध्ये आहेत. खुब्याचा सांधा आणि कमरेच्या खालच्या बाजूचा सॅक्रोइलियाक सांधा हे दोन्ही ‘पाच’मध्ये, मांडी आणि नितंबासह, एकत्र येतात. घोटा आणि पाऊल ‘सात’. मान, बरगड्या, कवटी आणि पाठीचा कणा ‘आठ’. आमच्याकडे एका वर्षाच्या जुन्या नोंदी तपासताना मनगटाच्या कित्येक रुग्णांना ‘चार’ हा अंक दिलेला मला आढळला, आणि त्या सगळ्या नोंदी एकेक करून दुरुस्त कराव्या लागल्या. ब्राउझरने एम२५.५ च्या पानावरच ही यादी पूर्ण उघडून दाखवली असती, तर ही चूक झाली नसती. सध्या तिच्यासाठी प्रकरणाच्या आरंभी परत जावे लागते, आणि घाईच्या वेळी तेवढे कष्ट कोणी घेत नाही. मी यादीची छापील प्रत टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे.

एम२५.५ च्या ‘येत नाही’च्या ओळींत हाताचा पंजा, पाऊल आणि एकूण हातपाय यांची वेदना एम७९.६ कडे पाठवलेली आहे. दुखणे सांध्यात आहे की दोन सांध्यांच्या मधल्या भागात, हा फरक इथे निर्णायक ठरतो, आणि याच ठिकाणी आपली मराठी आड येते. आपल्याकडे ‘पाय दुखतो’ या दोन शब्दांत खुब्यापासून अंगठ्यापर्यंत काहीही येऊ शकते, आणि ‘हात दुखतो’ म्हणणाऱ्याचा हात खांद्यापासून सुरू होतो. इंग्रजीत या अवयवांच्या खालच्या-वरच्या भागांना वेगळे शब्द आहेत आणि वर्गीकरण त्या शब्दांवर उभे आहे. मराठीतही मांडी, पोटरी, नडगी, घोटा, टाच, तळवा, दंड, कोपर, मनगट असे नेमके शब्द आहेत, परंतु रुग्ण दुखण्याच्या भरात ते वापरत नाही, आणि गर्दीच्या ओपीडीत तपासणारे तरुण डॉक्टर ‘पाय’ हा शब्द तसाच इंग्रजीत उतरवून मोकळे होतात. लालबागहून येणाऱ्या एका आजींच्या केसपेपरवर ‘पायात वेदना’ एवढेच होते. मी वॉर्डात जाऊन “आजी, बोट ठेवून दाखवा बरं कुठे दुखतंय,” असे विचारले, तेव्हा त्यांनी टाचेच्या मधोमध बोट ठेवले आणि सकाळी उठून पहिले पाऊल टाकताना कळ येते, मग चालले की कमी होते, असे सांगितले. मी ते डॉक्टरांच्या कानावर घातले, त्यांनी पुन्हा तपासले आणि तळव्याच्या पडद्याला सूज असल्याचे निदान लिहिले. त्यामुळे कोड एम७९.६ वरून एम७२.२ वर गेला. टाचेचे हाड वाढले असते, तर तो एम७७.३ झाला असता. टाचदुखी एकच, पण तिच्यासाठी तीन निरनिराळ्या जागा आहेत, आणि यांतली योग्य कोणती हे केसपेपरवर काय लिहिले आहे त्यावरच ठरते. ब्राउझर इथे काहीही करू शकत नाही आणि त्याला दोष देणेही योग्य नाही.

‘कंबर’ हा शब्दही असाच फसवा आहे. कोणी कण्याच्या खालच्या भागाला कंबर म्हणते, कोणी खुब्यावर हात ठेवून कंबर दुखते असे सांगते, आणि कोणाचे बोट थेट माकडहाडावर जाते. पहिल्याचा कोड एम५४.५, दुसऱ्याचा एम२५.५ आणि पाच हा अंक, तर तिसऱ्याचा एम५३.३ असा असतो. एका शब्दामागे तीन स्वतंत्र कोड दडलेले असतात. ‘उसण भरली’ असे सांगणाऱ्या रुग्णाबाबत तर विचारल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, कारण उसण पाठीत, बरगडीत किंवा मानेत कुठेही भरते.

कण्याच्या दुखण्यांसाठी एम५४ हा गट आहे आणि या ब्राउझरचा सर्वांत चांगला भाग मला तोच वाटतो. एम५४.२ मानदुखी, एम५४.६ पाठीच्या मधल्या भागातले दुखणे, एम५४.५ कंबरदुखी, एम५४.३ सायटिका, म्हणजे नितंबापासून पायात उतरणारी कळ, आणि एम५४.४ कंबरदुखीसह सायटिका. एम५४.५ च्या पानावर स्पष्ट लिहिले आहे की गादी सरकल्यामुळे होणारी कंबरदुखी इथे येत नाही, ती एम५१.२ मध्ये जाते, आणि सायटिकेसह असेल तर एम५४.४ मध्ये. त्याचप्रमाणे गादीच्या आजारामुळे होणारी सायटिका एम५४.३ मध्ये नाही, ती एम५१.१ मध्ये आहे. एम५१.१ ला कट्यारीचे चिन्ह आहे आणि जोडीला जी५५.१ हा तारकेचा कोड दिलेला आहे. कट्यार मूळ आजार दाखवते आणि तारका त्याचे शरीरावर दिसणारे रूप. कट्यारीचा कोड नेहमी आधी लिहायचा असतो.

‘येत नाही’च्या या दोन ओळींचे मोल मला एका दाव्यामुळे नीट उमजले. परळला राहणारे एक गृहस्थ कंबर आणि डाव्या पायातल्या तीव्र कळांमुळे आमच्याकडे दाखल झाले होते. एमआरआयमध्ये गादी सरकून नस दाबली गेल्याचे दिसत होते आणि डिस्चार्ज कार्डावर तसे स्वच्छ लिहिलेही होते. त्या दिवशी मी रजेवर होते, आणि अर्जाचा ‘भाग ब’ ज्यांनी भरला त्यांनी आमच्या संगणक प्रणालीत कंबरदुखी शोधून एम५४.५ टाकला. विमा कंपनीकडून पत्र आले, की केवळ कंबरदुखीसाठी रुग्णालयात दाखल करण्याची आवश्यकता काय होती, याचा खुलासा करावा. त्या गृहस्थांनी उसनवारी करून बिल भरले होते, आणि खुलासा, दुरुस्त अर्ज व पुन्हा तपासणी यांत त्यांचे पैसे अडकून पडले. त्यांच्या पत्नी दर सोमवारी येऊन “ताई, काही कळलं का?” असे विचारत आणि माझ्याकडे उत्तर नसे. तो दावा पुढे मंजूर झाला, परंतु ब्राउझरवरची एक ओळ वाचली असती तर त्या माऊलीच्या फेऱ्या वाचल्या असत्या, हे मला आजही टोचते. तेव्हापासून आमच्याकडे एम५४ मधला कोणताही कोड डिस्चार्ज कार्ड आणि एमआरआयचा अहवाल शेजारी ठेवल्याशिवाय अर्जावर जात नाही.

यातून निघणारा नियम वर्गीकरणाच्या दुसऱ्या खंडात, म्हणजे सूचनांच्या पुस्तिकेत, सविस्तर दिलेला आहे. उपचारांच्या शेवटी जे निदान झाले आणि ज्यासाठी रुग्णाला प्रामुख्याने उपचार घ्यावे लागले, तो मुख्य आजार. निदान झालेच नसेल, तर मुख्य लक्षण. म्हणजे वेदनेचा कोड हा निदान न झाल्यावरचा आधार आहे, निदान झाल्यावर त्याच्या शेजारी शोभेसाठी ठेवायची वस्तू नव्हे. गुडघ्याची झीज ठरली की एम१७ पुरेसा असतो, त्याच्या जोडीला एम२५.५ लिहिण्याचे कारण उरत नाही. खांद्याच्या बाबतीत आमच्याकडचे डॉक्टर केसपेपरवर ‘पीए शोल्डर’, म्हणजे खांद्याचा पेरिआर्थ्रायटिस, असे लिहितात. ते एम७५.० मध्ये येते आणि त्या कोडखाली ‘फ्रोझन शोल्डर’बरोबर हे नावही दिलेले आहे. भारतीय डॉक्टरांच्या वापरातले जुने नाव तिथे सापडते, याचे मला पहिल्यांदा फार समाधान वाटले होते.

मानेच्या बाबतीत मात्र सावध राहावे. मुंबईत मान दुखणारा प्रत्येक दुसरा माणूस “मला स्पॉन्डिलायटिस आहे” असे सांगतो, आणि काही वेळा तोच शब्द केसपेपरवर येतो. डॉक्टरांना अभिप्रेत असते ती मणक्यांची वयोमानाने होणारी झीज, जिचे नाव स्पॉन्डिलोसिस आणि कोड एम४७. स्पॉन्डिलायटिस हा सुजेचा आजार आहे, आणि तो शब्द जसाच्या तसा शोधला तर ब्राउझर एम४५ आणि एम४६ कडे नेतो. त्यातला एम४५ तर तरुण वयात कणा आखडवणारा, वर्षानुवर्षे उपचार लागणारा गंभीर आजार आहे. एकदोन अक्षरांच्या फरकाने रुग्णाच्या नावावर असा आजार कायमचा चिकटू शकतो, आणि पुढे नवी पॉलिसी घेताना तो पुन्हा समोर येऊ शकतो. त्यामुळे अशा केसपेपरवर मी फोन करून विचारतेच.

दुखणे पडल्याने, मुरगळल्याने किंवा आदळल्याने सुरू झाले असेल, तर एम हे अक्षर सोडून एस कडे जावे लागते. ताजी दुखापत एकोणिसाव्या प्रकरणात येते. लोकलमध्ये चढताना पाय मुरगळलेला रुग्ण आमच्याकडे दर आठवड्याला असतो. त्याच्या घोट्याचा कोड एस९३.४, आणि तो कसा मुरगळला हे सांगणारा बाह्य कारणाचा कोड व्ही८१.४, म्हणजे रेल्वेत चढता-उतरताना झालेली इजा. जिन्यावरून पडला असेल तर डब्ल्यू१०. हे बाह्य कारणांचे प्रकरण बहुतेक ठिकाणी रिकामेच सोडले जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण दादरसारख्या स्थानकावर किती माणसे कशी पडतात हे सांगू शकणारी नोंद रुग्णालयांपाशीच असते. ब्राउझरमध्ये हा भाग शोधणे सोपे आहे. उपयोगी पडणारी गोष्ट इतकी जवळ असताना ती भरली जात नाही, याचा दोष साधनाकडे जात नाही.

आता या साधनातली सर्वांत मोठी उणीव. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० मध्ये दुखण्याच्या कोडला उजवी-डावी बाजू नाही. जागा कळते, बाजू कळत नाही. माझी भाची पवईला एका कंपनीत अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या दाव्यांचे कोडिंग करते. तिकडे १ ऑक्टोबर २०१५ पासून आयसीडी-१०-सीएम नावाची विस्तारित आवृत्ती वापरली जाते आणि ती दरवर्षी ऑक्टोबरमध्ये बदलते. गणपतीत घरी आली असताना तिने माझ्यासमोर उदाहरण ठेवले. उजवा गुडघा एम२५.५६१, डावा एम२५.५६२, आणि बाजू लिहिलेलीच नसेल तर एम२५.५६९. “आत्या, दोन्ही गुडघे दुखत असतील तर वेदनेला एकच कोड नाही, दोन्ही कोड लिहावे लागतात. पण झीज असेल तर दोन्ही गुडघ्यांचा मिळून एम१७.० आहे,” असे ती म्हणाली. मजेची नव्हे, पण लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की झिजेचा हा दोन्ही बाजूंचा कोड जागतिक आवृत्तीतही आहे, वेदनेला मात्र बाजू नाही. त्या अमेरिकी आवृत्तीत हाताचे, पावलाचे, बोटांचे दुखणेही बाजूनुसार वेगळे होते, आणि आपण ज्याला सरसकट एम५४.५ म्हणतो त्याचे तिकडे १ ऑक्टोबर २०२१ पासून तीन तुकडे झाले आहेत.

हा सगळा बारकावा पाहून आमच्याकडच्या काही तरुण सहकाऱ्यांनी इंटरनेटवर सापडणारे अमेरिकी कोडच अर्जात लिहायला सुरुवात केली होती. मी ते थांबवले, आणि त्याचे कारण इथे मुद्दाम नोंदवते. दोन्ही आवृत्त्यांचे अक्षर आणि पहिले अंक सारखे असले तरी त्यांतला मजकूर सारखाच असतो असे नाही. वजन उचलताना कमरेचा स्नायू ताणला गेला, तर जागतिक आवृत्तीत तो एम५४.५ च्याच पोटात येतो. तसे तिथे लिहिलेले आहे. अमेरिकी आवृत्तीत तोच ताण एम५४.५ मधून वगळून एस३९.०१२ या दुखापतीच्या कोडकडे पाठवला आहे. संशयित निदानाबाबतही असेच आहे. जागतिक नियमांनुसार शेवटपर्यंत ‘संशयित’ असेच लिहिलेले राहिले आणि अधिक माहिती नसेल, तर ते निदान झाल्याप्रमाणे कोड करायचे असते. अमेरिकेत बाह्यरुग्णाच्या बाबतीत तसे करता येत नाही, तिथे लक्षणाचाच कोड द्यावा लागतो. एकाच अर्जात दोन नियमांची खिचडी झाली की चूक शोधणेही अशक्य होते. शोधयंत्रात ‘गुडघेदुखीचा कोड’ टाकल्यावर समोर येणारी बहुतेक पाने अमेरिकी आवृत्तीची असतात, म्हणून मूळ ब्राउझरच उघडावा. बाजूसाठी आम्ही निदानाच्या शब्दांतच ‘उजवा’ किंवा ‘डावा’ लिहितो, कारण कोडमध्ये ते मावत नसले तरी अर्जावर मावते.

रुग्णालयांच्या संगणक प्रणालींत कोड सुचवणारी जी यादी असते, तिच्याशी तुलना केली तर या ब्राउझरची योग्यता अधिक लक्षात येते. आमच्या प्रणालीत ‘वेदना’ टाइप केले की सर्वांत वर आर५२.९, म्हणजे ‘अनिर्दिष्ट वेदना’, दिसतो, आणि घाईत असलेला माणूस तोच निवडतो. ब्राउझरमध्ये आर५२ उघडले, तर सांधे, कंबर, हातपाय अशा जागा सांगता येणाऱ्या वेदना इथे येत नाहीत हे वाचायला मिळते आणि माणूस थांबतो. कोडबरोबर त्याची मर्यादाही दाखवणे, हा या साधनाचा सर्वांत मोठा गुण मला वाटतो. केवळ कोड आणि नाव दाखवणाऱ्या याद्यांत तो नसतो.

आता आयसीडी-११, म्हणजे याच वर्गीकरणाची पुढची आवृत्ती, तिच्याबद्दल थोडक्यात. तिला मे २०१९ मध्ये मान्यता मिळाली आणि १ जानेवारी २०२२ पासून ती अमलात आली. तिचा ब्राउझर आणि शब्द टाइप करताच कोड सुचवणारे साधन, दोन्ही विनामूल्य आहेत. बाजूचा प्रश्न तिथे सुटलेला आहे, कारण मूळ कोडला उजवी, डावी किंवा दोन्ही अशी जोड देता येते. आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या वेदनेला तिथे एमजी३० हा स्वतंत्र गट मिळाला आहे, आणि त्यात स्नायू-हाडांच्या प्राथमिक दीर्घकालीन वेदनेला एमजी३०.०२, तर दुसऱ्या आजारामुळे होणाऱ्या अशाच वेदनेला एमजी३०.३ अशी जागा आहे. वर्षभर पाठ दुखते, सगळे अहवाल निर्दोष येतात आणि घरचेही विश्वास ठेवत नाहीत, अशी अनेक माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्या दुखण्याला वर्गीकरणात स्वतःचे नाव मिळणे ही साधी गोष्ट नाही. आमचे अर्ज अजून आयसीडी-१० वरच असल्यामुळे मी ते साधन सध्या रोजच्या कामानंतर, अभ्यास म्हणून वापरते.

ब्राउझरच्या आणखी दोन अडचणी आहेत. त्याला इंटरनेट लागते, आणि पावसाळ्यात आमच्या इमारतीतली जोडणी गेली की काम थांबते. पडद्यावर मराठी नाही, त्यामुळे इंग्रजी वैद्यकीय शब्दांची ओळख नसलेल्या माणसाला तो सुरुवातीला परका वाटतो. या दोन्ही कारणांसाठी तीन छापील खंड मी कपाटात ठेवले आहेत. तिसऱ्या खंडातल्या वर्णानुक्रमाने लावलेल्या सूचीत आधी शब्द शोधायचा आणि मग पहिल्या खंडात तो कोड पडताळायचा, ही मूळ पद्धत आहे. नव्या माणसाला मी पहिला महिनाभर पुस्तकांवरच बसवते. नंतर ब्राउझर दिला की त्याची बोटे जलद चालतात, आणि नजर ‘येत नाही’च्या ओळींवर आपोआप जाते.

लहान रुग्णालये, फिजिओथेरपी केंद्रे, मेडिक्लेम कक्षातले कर्मचारी आणि हाडांच्या विभागात नव्याने रुजू झालेले निवासी डॉक्टर यांनी हा ब्राउझर जरूर वापरावा, असे माझे मत आहे. स्वतःच्या डिस्चार्ज कार्डावरचा कोड पडताळू इच्छिणाऱ्या रुग्णालाही तो उपयोगी पडेल, मात्र त्यावरून स्वतःचे निदान ठरवू नये. डॉक्टरांकडून मला चार गोष्टी लिहून लागतात: जागा, बाजू, दुखणे कशाने सुरू झाले आणि किती दिवस झाले. आमच्या ओपीडीच्या केसपेपरवर गेल्या वर्षीपासून शरीराची एक छोटी आकृती छापली आहे, आणि रुग्ण जिथे बोट ठेवेल तिथे डॉक्टर पेनने गोल करतात. ‘पाय’ एवढेच लिहिलेले कागद माझ्या टेबलावर आता फार कमी येतात.